उभ्या गाडीची परीक्षा

त्याला सगळे निम्मेमामा म्हणायचे. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी गाड्यांच्या धुरानं काळी पडली होती आणि ती पुसावी असं कुणाला वाटलं नव्हतं. निम्मेमामा हे नाव पडायचं कारण साधं. गिऱ्हाईक टेम्पोवाला असो की बंगलेवाला, नवी बॅटरी बसवून देताना गडी एकच सांगणं सांगायचा, "निम्मं वापरा, निम्मं राखा. निम्म्याच्या खाली गेलात तर परत माझ्याकडे तोंड घेऊन येऊ नका."

"म्हणजे मामा, बॅटरी अख्खी घ्यायची आणि वापरायची निम्मी?" एखादा चेष्टा करायचा.

"बायकोची माया एका दिवसात सगळी वापरतोस काय रे? थोडी राखतोसच की. तसंच हे. शिशाची बॅटरी आहे ही, तळाला गेली की आतून खचते. वरून तशीच दिसते, पण पहिल्यासारखी भरत नाही."

हातानं गडी हुशार, तोंडानं फाटका. हल्ली लोकांना घर गाडीत घालून फिरायची हौस आली होती. जुनी व्हॅन घ्यायची, आत पलंग, शेगडी, छोटा फ्रिज, पंखा, दिवे बसवायचे आणि निघायचं. असल्या गाड्या मामाकडं यायच्या. पत्र्याचं छप्पर, खाली तेलानं काळी झालेली जमीन, भिंतीला ओळीनं टांगलेल्या जाड तारा, कोपऱ्यात चार्जिंगला लावलेल्या बॅटऱ्यांचा तो आंबूस वास. तिथं उभं राहून मामा नव्या माणसाला समजावून सांगायचा, "या गाडीत सासू आणि सून अशा दोघी नांदतात. सासू म्हणजे इंजिनाची बॅटरी. गाडी उठवायचं काम तिचं. सून म्हणजे घराच्या बॅटऱ्या, दिवा-पंखा त्यांच्यावर. दोघींचा चूलखंड वेगळा ठेवायचा. सुनेनं रात्री पंखा चालवला म्हणून सकाळी सासूला उठता येईना, असं होऊ द्यायचं नाही. गाडी धावायला लागली की मात्र इंजिन दोघींना जेवू घालतं. मधे हा रिले आहे ना, तो दार उघडतो. गाडी थांबली की दार बंद."

लोक हसायचे आणि त्यांच्या लक्षात राहायचं.

काम बैजवार. घराच्या बॅटऱ्या घ्यायच्या तर एका जातीच्या, एका वयाच्या, एकाच दिवशी आणलेल्या. नव्या-जुन्याची मोट बांधायची नाही, जुनी स्वतः तर बसतेच, नवीलाही खाली ओढते. तारा जाड आणि एका लांबीच्या. प्रत्येक जोड पक्का केल्यावर हातानं ओढून बघायचा. वर व्हॅसलीन फासायचं. पेटीला हवा जायला भोक ठेवायचं. मग दोन पावलं मागं सरून, कमरेवर हात ठेवून गडी स्वतःशीच "हां" म्हणायचा. तो "हां" ऐकल्याशिवाय गाडी दुकानाबाहेर पडत नसे.

या गड्याची बायको शिवणकाम करायची. जगाचा मामा म्हणून ती जगाची मामी. पडदे, गादीच्या खोळी, सीटची कव्हरं. मामानं बॅटऱ्या बसवलेल्या किती गाड्यांत मामीचे पडदे हलत असतील त्याला गणती नाही. बाई जिभेची तिखट, हाताची हलकी. तिची फुप्फुसं कापडाच्या बारीक धुळीनं खाल्ली की आणखी कशानं, ते डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. आधी जिना चढताना दम लागायचा, मग अंगण ओलांडताना, मग नुसतं बोलताना. शेवटी हवेतून प्राणवायू गाळून देणारं एक यंत्र घरात आलं. विजेवर चालायचं. त्याची नळी नाकाला लावून बाई बसू लागली. दिवसरात्र यंत्राची घूंऽऽ चाललेली. मामीनं त्याचं नाव घुम्या ठेवलं. म्हणाली, "एक घुम्या होताच घरात, आता दोन झाले."

मामीची थोरली बहीण गाडीनं दोन दिवसांच्या वाटेवर राहायची. आई लवकर गेली तेव्हा या बहिणीनंच मामीला न्हाऊ-माखू घातलं, वेणी घातली, सुईत दोरा ओवायला शिकवलं. त्या ताईला अर्धांगाचा झटका आला होता. ती खाटेवर. तिची लेक तिचं सगळं करायची. रोज दुपारी दोघी बहिणींचा फोन. एकीला दम पुरत नव्हता, एकीला शब्द सापडत नव्हता, तरी बोलणं चालायचं. ही अर्धं वाक्य बोलून श्वास घ्यायला थांबायची तेवढ्यात तिकडून एक शब्द यायचा. कधी कधी नुसतंच एकमेकींचं श्वास घेणं ऐकत बसायच्या.

ताईला उठता येत नव्हतं, म्हणून जायचं ते हिनं. पण घुम्याशिवाय हिला घटकाभर राहता येत नव्हतं. रेल्वेत प्लगचा भरवसा नाही. विमानवाल्यांनी आधी कागद मागितले आणि कागद बघून नको म्हटलं.

"तुम्ही दुनियेला गाडीत घर मांडून देता," एक दिवस मामी म्हणाली. थांबली, श्वास घेतला. "मला एक मांडून द्या. ताईला एकदा बघते. डोळ्यांनी. फोनात नाही."

 आठवड्याच्या आत मामानं एक जुनी व्हॅन दुकानासमोर आणून उभी केली. बेकरीची होती. पाव वाहून वाहून आतल्या पत्र्याला खरपूस वास बसला होता, धुतला तरी जात नव्हता.

"झोपेत भूक लागेल मला," मामी म्हणाली. किती तरी दिवसांनी बाई हसली.

मामाचं घर आणि दुकान एकाच अंगणात, आणि शेजारी वेल्डरचं दुकान होतं. वेल्डर आणि मामा लंगोटीयार. वेल्डरनं पलंगाचा सांगाडा केला, बॅटऱ्यांची पेटी केली, घुम्याला बसायला तळाशी रबर लावलेली खोबण केली. मामीनं खुर्चीत बसून, दोन टाके घालून थांबत, पुन्हा दोन टाके घालत खिडक्यांचे पडदे शिवले. पिवळे. ताईला पिवळा आवडतो म्हणाली. मामानं चार नव्या बॅटऱ्या आणल्या. एका जातीच्या, एका वयाच्या. जोडल्या, जोड ओढून बघितले, व्हॅसलीन लावलं, दोन पावलं मागं सरला.

आणि "हां" म्हणाला नाही.

गड्याच्या मनात एक घोर होता. त्याआधी एका दुपारी घरातली वीज गेली होती. घुम्या एकदा पिप् करून गप्प झाला. असल्या वेळेसाठी घरात प्राणवायूचा सिलिंडर होता, त्याची चावी खिळ्याला टांगलेली होती. मामानं चावी काढली. आणि चावी हातात धरून तो खोलीच्या मधोमध उभा राहिला. उभ्या जन्मात विजेशी खेळलेला माणूस, पण ती चावी कुठं लावायची ते त्याला सुचेना. समोर बायकोचे ओठ निळे पडत होते, ती हातानं सिलिंडर दाखवत होती, आणि हा चावीकडं बघत उभा. वीज गेलेली बघून वेल्डर धावत आला, त्यानं चावी हिसकावली म्हणून निभावलं.

त्यावर मामीनं त्याला कधी बोल लावला नाही. त्यानंच स्वतःला लावला. आता रानात, रस्त्याच्या कडेला, काळोखात घुम्यानं पिप् केलं आणि आपण पुन्हा तसेच उभे राहिलो तर? मग त्यानं ठरवलं. गाडीची परीक्षा घ्यायची. घुम्याच्या जागी लावायला दुकानात तेवढीच वीज खाणारा एक दिवा होता. तो रात्रभर गाडीत लावायचा आणि बॅटऱ्या किती तग धरतात ते बघायचं. गाडी अंगणात उभी. इंजिन बंद.

पहिली परीक्षा झाली. संध्याकाळी दिवा लावला, सकाळी बॅटऱ्यांचा काटा बघितला. काटा निम्म्याच्या जरासा वर उभा. म्हणजे गड्याच्या स्वतःच्या नियमानं बघितलं तरी रात्र निम्म्यात बसली होती.

मामी दारात आली. नळी उंबऱ्यापर्यंतच पुरायची. तिथूनच म्हणाली, "निघाली ना रात्र?"

"निघाली."

"मग चला."

"थांब. तळ कुठं आहे ते बघतो."

"तळाशी काय काम आहे आपलं? रात्र निघाली ना?"

"एखाद्या दिवशी रात्र लांबली तर?"

"रात्र लांबते होय? कुठल्या देशात?"

त्यानं ऐकलं नाही. दिवा तसाच ठेवला. बॅटऱ्या फार खाली गेल्या की गाडीतला इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो, बॅटऱ्या वाचाव्यात म्हणून. ती बंद पडायची खूणही गड्यानं खाली सरकवली. दुपारी दिवा पिवळा पडला, मग लाल, मग विझला. गड्याला कळलं, तळ इथं आहे.

मग त्यानं पुन्हा सगळ्या भरल्या आणि पुन्हा परीक्षा घेतली. पहिल्यावरून कशी खात्री धरायची? या खेपेला दिवा जरा लवकर विझला.  परत भरल्या, परत परीक्षा. आणखी लवकर विझला.

आता हे तुम्हाआम्हाला बाहेरून लख्ख दिसतं. गिऱ्हाइकाला जे करू नको म्हणून तो ओरडायचा, तेच तो स्वतः करत होता. दर परीक्षेला बॅटऱ्या तळाला जात होत्या, दर खेपेला आतून खचत होत्या. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्यानं दुकानाच्या बाहेर काढलं असतं. पण भ्यालेल्या माणसाचं ज्ञान खिशातल्या रुमालासारखं असतं. असतं, पण घाम फुटल्यावर हात तिकडं जात नाही. त्याला एवढंच दिसत होतं की बँक कमी पडते आहे. बँक म्हणजे सगळ्या बॅटऱ्या मिळून. कमी पडते तर वाढवा. त्यानं पाचवी बॅटरी आणली. नवी कोरी, त्या थकलेल्या चौघींच्या जोडीला बांधली. मग सहावी.

वेल्डरनं पेटी मोठी करून दिली आणि म्हणाला, "नव्या-जुन्याची मोट नको म्हणतोस ना रे जगाला?"

"हे वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"ती आहे यात."

 वेल्डर म्हणाला, "गाडीला चाकं आहेत, हे तरी आठवतंय ना? धावायला लागली की तूच बसवलेला तो रिले भरतोच की तिला. तू आपला उभ्या गाडीचं नाक धरून बसलायस."

"रात्री गाडी उभीच राहणार."

"रात्री कुणाच्या तरी दारात उभी राहील. एक प्लग माग. माणसं राहतात रे रस्त्यानं, वाघ नाही राहत."

"आणि नाही दिला तर?"



दुपारचे फोन चालूच होते. ताईचे शब्द आता आणखी कमी झाले होते. आधी वाक्य यायचं, मग दोन शब्द, मग नुसतं "ये". कधी लेक फोन हातात घ्यायची. तिला मामा हा काका.

"काका, कधी निघताय? आई दाराकडं तोंड करून झोपवायला सांगते. कूस बदलली की चिडते."

"निघतोच आहे. एवढी एक परीक्षा झाली की."

"काका, मागच्या खेपेलाही परीक्षाच होती."

"या खेपेला नक्की."

एका सकाळी दुकान उघडण्याआधीच मामी उठली. साडी बदलली. लांब तार जोडून घुम्या ओढत, भिंतीला धरत, अंगण ओलांडून गाडीपर्यंत गेली. एवढंसं अंगण, पण ते ओलांडताना तिनं किती वेळा थांबा घेतला असेल ते तिचं तिला माहीत. गाडीत चढली, घुम्या त्याच्या खोबणीत बसवला, प्लग लावला आणि पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसली. मामा दात घासत बाहेर आला तर ही गाडीत.

"अगं, काय हे?"

"बसलेय."

"उतर. चहा घे."

"चहा वाटेत."

तो तोंडात ब्रश तसाच धरून उभा. मग चूळ भरली, खाली बसला, बँकेचा काटा बघितला. आदल्या दिवशीच परीक्षा झाली होती. बॅटऱ्या रिकाम्या, अजून पुरत्या भरल्या नव्हत्या.

"आज नाही जमत. तळाला आहेत. परवा भरतील."

"इंजिन चालू करा. धावताना भरतील. तुम्हीच सांगता सगळ्यांना. सासू जेवली की सून जेवते."

"अगं, पण संध्याकाळपर्यंत..."

"अहो." तिनं त्याच्याकडं बघितलं. "मला माहीत आहे तुम्हाला कशाची भीती वाटते. त्या दुपारची. मी नाही मेले त्या दुपारी. बघा, बसलेय समोर. मी मेले तर वाटेत मरेन. पण ताईकडं तोंड करून मरेन. इथं बसून काय राखताय तुम्ही?"

गड्यानं खिशातून किल्ली काढली. हातात धरली. आणि पुन्हा तसंच झालं. किल्ली हातात, आणि गडी उभा. गाडीची खिडकी, पिवळा पडदा, बायकोचा चेहरा, सगळं दिसतंय, पण पाय उचलत नाही.

"परवा," तो म्हणाला. "परवा नक्की. भरून घेतो."

 मामी बराच वेळ बसून राहिली. मग घुम्याचा प्लग काढून पुन्हा त्या लांब तारेला लावला. उतरताना त्यानं हात पुढं केला, तो तिनं धरला, कारण धरल्याशिवाय उतरता येत नव्हतं.

परवा उजाडायच्या आधी, दुसऱ्याच दुपारी फोन आला. नेहमीच्याच वेळेला आला, म्हणून मामीनं हसूनच उचलला. मामा तेव्हा गाडीत पेटी उघडून बॅटऱ्यांत पाणी घालत होता. घरात नेहमीसारखं बोलणं ऐकू येईना म्हणून त्यानं मान वर केली. मामी दारात आली होती. नळी ताणून, उंबऱ्यावर. हाक मारायला तिच्याजवळ दम नव्हता. ती नुसती उभी राहिली, तो बघेपर्यंत.

तो धावत आला. पाण्याची बाटली हातात तशीच.

"ताई गेली," ती म्हणाली.

तो तिच्यासमोर उभा राहिला.  बाटलीतलं पाणी पायावर सांडत होतं.

"बाटली ठेवा खाली," मामी म्हणाली. "आणि चला."

"आता?"

"आता. परवा नाही. आता."

"बँक अजून..."

"बँकेचं नाव काढलंत तर मी पायी निघेन."

तिनं ते ओरडून म्हटलं नाही. ओरडता येत नव्हतंच. हळू, श्वास घेत घेत म्हटलं, आणि मामाला कळलं की बाई खरंच पायी निघेल, नळी पुरेल तिथपर्यंत जाईल आणि पुढं नळी काढून जाईल. त्यानं घुम्या उचलला. वेल्डरला घराची किल्ली दिली. वेल्डरनं गाडीच्या चाकांतली हवा दाबून बघितली आणि दार ओढून लावलं. "सावकाश जा" एवढंच म्हणाला.

गाडी निघाली. दुकान मागं पडलं, गल्ली मागं पडली, मोठा रस्ता आला. मामाची एक नजर रस्त्यावर, एक काट्यावर. इंजिन धावत होतं, रिलेनं दार उघडलं होतं, आणि काटा हळूहळू वर चढत होता. घुम्या त्याच्या खोबणीत घुमत होता. काही झालं नाही.

दिवस कलला तसा मामा रस्त्याच्या कडेच्या एका चहाच्या टपरीशी थांबला. त्यानं मनात वाक्यं जुळवून ठेवली होती. अहो, माझी बायको आजारी आहे, हे बघा यंत्र, जरा वेळ प्लग मिळाला तर, विजेचं काय ते मी देईन. टपरीवाली बाई कप धूत होती. मामा "अहो, माझी बायको" एवढंच म्हणाला. तिनं गाडीकडं बघितलं, नाकातली नळी बघितली, आणि ओल्या हातानं भिंतीकडं बोट केलं. "तो प्लग आहे बघा. फ्रिजचा काढून लावा. फ्रिज काय मरतोय होय घटकाभर?"

उरलेली वाक्यं मामाच्या तोंडातच राहिली.

रात्रीला एक पेट्रोल पंप गाठला. तिथल्या माणसानं तर विचारूही दिलं नाही. हवा भरायच्या खोलीत प्लग होता, त्यानं स्वतःच लांब तार आणून दिली, वर खुर्ची आणून दिली. "पलीकडं तोंड करून उभी करा गाडी, बाईंच्या डोळ्यांवर दिवे येतील," म्हणाला. घुम्या रात्रभर पंपाच्या विजेवर चालला. ज्या बॅटऱ्यांची एवढी परीक्षा झाली, त्यांना त्या रात्री कुणी हातही लावला नाही. मामी पलंगावर डोळे मिटून पडली होती. झोपली नव्हती. उजाडता उजाडता म्हणाली, "हे एवढंच असतं होय?"

मामानं विचारलं नाही, काय एवढंच म्हणून. त्याला समजलं होतं.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजवाल्यानं प्लग दिला. एका शाळेच्या शिपायानं दिला. कुणी नाही म्हटलं नाही. एकानं नाही म्हणावं म्हणून मामा आतल्या आत वाट बघत होता. एकानं तरी हाकलून द्यावं, एकदा तरी घुम्यानं पिप् करावं, म्हणजे आपण भीत होतो ते खरं होतं एवढं तरी म्हणता येईल. पण रस्ता सरळ होता, माणसं भली होती, आणि गाडी सुरेख चालली होती. प्रत्येक मैलाला ते त्याच्या छातीवर दगड ठेवल्यासारखं बसत होतं.

पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. तोवर ताईचं सगळं होऊन गेलं होतं. दारात चपलांचा ढीग होता, त्यातल्या बऱ्याच चपला आता परत निघाल्या होत्या. भाची धावत बाहेर आली. गाडी बघून तिचं तोंड उघडंच राहिलं.

"मावशी! अगं, कालच तर फोन केला मी. इतक्या लवकर कशा पोचलात?"

मामी गाडीच्या पायरीवर होती. तिनं भाचीचा खांदा धरला.

"वाटेत काही अडलंच नाही, बाळ," ती म्हणाली.

मामा मागं घुम्या घेऊन उभा होता. त्यानं ते ऐकलं.

ताईची खोली रस्त्याच्या बाजूला होती. खाट भिंतीशी, गादी गुंडाळून ठेवलेली. उशी दाराच्या बाजूला होती. खाटेवर झोपून बघितलं तर दार आणि दाराबाहेरचा रस्ता बरोबर दिसेल अशी. मामानं घुम्या खाली ठेवला आणि प्लग शोधला. खाटेच्या उशाशीच होता, ताईचा पंखा लावलेला. त्यानं पंखा काढला आणि घुम्या लावला. मामी उघड्या खाटेवर बसली. भाची तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडायला लागली. मामी रडली नाही, रडायला दम लागतो. ती नुसती भाचीच्या केसांवरून हात फिरवत राहिली आणि दाराकडं बघत राहिली.

मामा भिंतीला टेकून बसायला गेला.

"तुम्ही जरा बाहेर बसता का?" मामी म्हणाली. त्याच्याकडं न बघता, पण रागानंही नाही. जसं कपडे बदलताना सांगावं तसं.

तो बाहेर आला. गाडीपाशी जाऊन उभा राहिला. करायला काही नव्हतं. त्यानं उगाच पेटी उघडली, एक जोड हातानं ओढून बघितला. पक्का होता.

भाचीचा नवरा पाणी घेऊन आला. साधा माणूस, पाहुण्याला एकटं सोडू नये म्हणून आलेला. त्याला काही तरी बोलायचं होतं. त्यानं गाडीत डोकावून बघितलं, पलंग, पडदे, बॅटऱ्यांची रांग.

"तुम्हीच केलंत सगळं, काका?"

"हां."

"मावशींचं यंत्र रात्रभर चालतं यावर?"

मामानं पेटीचं झाकण लावलं. बिजागरीत खडा अडकल्यासारखं ते अर्ध्यावर थांबलं, त्यानं दाबून बंद केलं.

"चालायचं," तो म्हणाला. "पहिल्याच परीक्षेत चाललं होतं."

"मग बरं झालं," जावई म्हणाला, आणि रिकामा पेला घ्यायला त्यानं हात पुढं केला.